पावातलं पाणी जातं कुठे?

शिळा पाव कडक होतो तो वाळल्यामुळे, असं आपण धरून चालतो. पण १८५२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो यांनी दाखवलं, की पाणी उडून न जाताही पाव शिळा होतो. मग त्या पाण्याचं होतं काय?

पाव न कापता हे पाहता येतं, ते चुंबकीय अनुनादामुळे. दवाखान्यातलं एमआरआय यंत्र याच तत्त्वावर चालतं. पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक इवल्या चुंबकासारखं वागतं. चुंबकीय क्षेत्रात त्याला रेडिओलहरींचा धक्का दिला, की ते संकेत देतं. खरी माहिती आहे ती हा संकेत किती वेगाने विरतो, यात. मोकळ्या पाण्याचा संकेत सेकंद-दोन सेकंद रेंगाळतो. स्टार्चला घट्ट धरून बसलेल्या पाण्याचा मात्र काही मिलिसेकंदांत विझतो. बर्फाचा तर त्याहूनही आधी, म्हणून गोठलेला भाग प्रतिमेत काळा दिसतो.

या संकेतांवरून कळतं, की पावाच्या मऊ गाभ्यातलं पाणी हळूहळू कवचाकडे सरकतं. स्टार्चचे रेणू पुन्हा स्फटिकासारखे रचले जातात आणि उरलेल्या पाण्याची हालचाल मंदावते. फ्रिजच्या थंडीत ही रचना अधिक वेगाने होते. तेव्हा एक-दोन दिवसांत संपणारा पाव फ्रिजबाहेरच, झाकून ठेवा.