विज्ञानशिक्षकाची पदवी घ्यावी का?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बारावीचा निकाल लागला की मराठी घरात, मग ते इंदूरचे असो, बडोद्याचे असो वा हैदराबादचे, काही वाक्ये ठरल्याप्रमाणे उच्चारली जातात. अभियांत्रिकी वा वैद्यकीय शाखेचा प्रवेश हुकला, बी.एस्सी.ला नाव घातले गेले, की कोणी वडीलधारे म्हणतात, "काही नाही तर बी.एड. तरी कर." मुलीच्या कानी हे वाक्य अधिक लवकर पडते, कारण तिच्या बाबतीत त्याला 'सुट्या भरपूर, घरही सांभाळता येते' अशी पुस्ती जोडलेली असते. मुलाच्या बाबतीत ही सोय सहसा कोणाला आठवत नाही. ज्या पदवीचा विचार 'काही नाही तर' या शब्दांनी सुरू होतो, ती पदवी घेऊन वर्गात उभा राहणारा शिक्षक कसा असेल, हा प्रश्न मात्र त्या बैठकीत निघत नाही. आजचा विषय तोच आहे.

प्रथम वाटांचा विचार. विज्ञानात पदवी आणि तीनंतर बी.एड. ही रुळलेली वाट. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, म्हणजे बारावीनंतर एकूण पाच वर्षे. दुसरी वाट बी.एस्सी.बी.एड. या चार वर्षांच्या एकात्मिक पदवीची. ही कल्पना नवी वाटते, पण तशी ती नाही. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे १९६०च्या दशकात स्थापन झालेल्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांत, म्हणजे आजच्या प्रादेशिक शिक्षण संस्थांत, हा अभ्यासक्रम फार पूर्वीपासून रुजला. या संस्थांना जोडून शाळा आहेत, त्यामुळे रसायनशास्त्राचा तास आणि सातवीचा वर्ग एकाच आवारात भेटतात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता ठरावी असे म्हटले आणि २०२३-२४ पासून काही विद्यापीठांत, आयआयटी व एनआयटींतही तसे अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा १३ भाषांत झाली व त्यांत मराठी आहे, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांतील पालकांना फारशी ठाऊक दिसत नाही.

चार वर्षांच्या वाटेत एक वर्ष वाचते, ही तिची जमेची बाजू. तिची किंमत अशी की सतराव्या-अठराव्या वर्षीच 'शिक्षक व्हायचे' असे ठरवावे लागते, आणि मधेच वाट बदलणे सोपे नसते. पुढे एम.एस्सी. करायची असल्यास हवे ते विद्यापीठ ही पदवी मान्य करते का, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे. उच्च माध्यमिक वर्गांना शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी लागतेच. ज्या मुलाला भौतिकशास्त्र मनापासून आवडते, पण शिकवणे आवडेल की नाही हे अजून उमगलेले नाही, त्याने पाच वर्षांची वाट धरली तर एक वर्ष फुकट गेले असे कोणी मानू नये.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानी उशिरा आली. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही पदवी प्राथमिक शिक्षकाच्या पदासाठी पात्रता मानता येणार नाही असा निर्णय दिला. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी त्या वयाच्या मुलांना शिकवण्याची स्वतंत्र पदविका हवी. 'बी.एड. केले की कुठेही चालते' हा समज तेव्हापासून खोटा ठरला. तो आधीही फारसा खरा नव्हता. सहा वर्षांच्या मुलाला शिकवणे हे पंधरा वर्षांच्या मुलाला शिकवण्याहून सोपे असते, असे वर्गात कधी न गेलेल्यांनाच वाटते.

या साऱ्या माहितीने निर्णय होत नाही. तो एका निराळ्याच कसोटीवर व्हायला हवा, आणि ती कसोटी गुणपत्रिकेत सापडत नाही. सहावीच्या मुलाला विचारावे, एवढेसे रोप मोठा वृक्ष होते, ते इतके वजन कुठून आणते? बहुतेक मुले सांगतील, मातीतून. येथे दोन प्रकारची माणसे ओळखू येतात. एक म्हणतो, चूक, प्रकाशसंश्लेषण, लिहून घे. दुसऱ्याला ते चुकलेले उत्तरच मोलाचे वाटते. मुलाने हा निष्कर्ष डोळ्यांदेखत असलेल्या पुराव्यावरून काढला आहे, हे त्याला दिसते. झाड मातीत उभे आहे, शेतकरी मातीत खत घालतो, मग दुसरे काय वाटणार?

सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या संशोधकाने हाच प्रश्न तराजूवर ठेवला. सुमारे ९० किलो वाळवलेली माती कुंडीत घेऊन तीत सव्वादोन किलोंचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. शेवटी झाड सुमारे ७७ किलोंचे झाले. माती घटली ती जेमतेम ५७ ग्रॅम. मातीचा पक्ष तेथे हरला. पण गंमत पुढेच आहे. एवढ्या नेटक्या प्रयोगानंतर हेल्मॉन्टने काढलेला निष्कर्ष अपुरा होता. झाड सर्वस्वी पाण्यापासून बनते असे तो म्हणाला. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा हिशेब त्याच्या तराजूत आलाच नव्हता. ज्या शिक्षकाला ही कथा ठाऊक आहे, तो सहावीतल्या त्या मुलाला हसत नाही. वर्गातील दुसरी कोणी मुलगी 'पाण्याने' असे उत्तर देते, तेव्हा ती नकळत एका मोठ्या संशोधकाच्या शेजारी येऊन बसली आहे, हे तो जाणतो, आणि तेथून हवेपर्यंत तिला कसे न्यावे याचा विचार करू लागतो.

हा विचार करण्यात ज्याला रस वाटतो, त्याने ही पदवी अवश्य घ्यावी. ज्याला वाटत नाही, त्याने उत्तम संशोधक, अभियंता, वाटेल ते व्हावे. त्यात उणेपणा नाही. हे घरबसल्या कळत नाही, पण कळून घेणे अवघडही नाही. सुटीत शेजारची चार मुले जमवावीत, एक टॉर्चचा सेल, एक बल्ब आणि तारेचा एकच तुकडा द्यावा, दिवा लावायला सांगावे, आणि तोंड मिटून पाहत राहावे. उत्तर सांगून टाकण्याचा मोह किती वेळ आवरता येतो, यावरून बरेच समजते.

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत असेच काम सुरू झाले. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणे नोंदवायची, आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायचे. ते चालवणारे शिक्षक खेड्यांतले सामान्य सरकारी शिक्षक होते. विज्ञानाची पदवी त्यांतल्या अनेकांपाशी नव्हती. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. पदवीवाचून चांगला विज्ञानशिक्षक घडतो, हे त्याने दाखवले. आणि व्यवस्थेची साथ सुटली तर चांगले काम थांबवले जाते, हेही. दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय कोणा तरुणाला या व्यवसायात बोलावू नये.

पैशाविषयीही संकोच नको. केंद्रीय विद्यालयासारख्या संस्थेत प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. महाराष्ट्रात जाऊन माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागणाऱ्याला पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. २०२३ मध्ये ते वाढवून १८,००० रुपये करण्यात आले. कित्येक खासगी शाळांत त्याहूनही कमी मिळते. त्यात काही महाविद्यालये अशी असतात की जेथे हजेरी कागदावर आणि सराव पाठ वहीत होतात. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान २० आठवडे शाळेत घालवायचे असतात. ते आठवडे खरोखर शाळेत जातात का, हे तेथील मागच्या तुकडीला विचारल्याखेरीज शुल्क भरू नये.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो या शाळेसारख्या शाळांचा अगदी घरचा आहे. हिंदी प्रदेशातल्या महाविद्यालयातून शिकून आलेला शिक्षक मराठी वर्गात उभा राहतो, तेव्हा नेमक्या ओळखीच्या शब्दावर ठेच लागते. मराठीत 'अणू' म्हणजे मूलद्रव्याचा सूक्ष्म कण. हिंदीत त्याला 'परमाणु' म्हणतात, आणि 'अणु' हा शब्द तेथे आपल्या रेणूसाठी आहे. हिंदीतले 'तत्त्व' आपले मूलद्रव्य, तेथला 'यौगिक' आपले संयुग. अनोळखी शब्द मूल विचारते तरी. ओळखीचा शब्द निराळ्या अर्थाने आला तर ते विचारतही नाही, आणि दहावीपर्यंत गोंधळ तसाच राहतो. दोन्ही परिभाषा जाणणारा शिक्षक जाहिरात देऊन सहज मिळत नाही. तो बहुधा अशाच शाळेच्या बाकावरून उठून गेलेला असतो.

म्हणून एखाद्या मुलीने केवळ शाळेच्या प्रेमापोटी ही पदवी घ्यावी, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. साठ वर्षांच्या शाळेचे ऋण विसाव्या वर्षीच्या खांद्यांवर ठेवणे बरे नव्हे. तिला बोलावायचे असेल तर संस्थाचालकांनी, आणि आज मोठ्या पदांवर असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी, आधी आपला वाटा सांगावा. प्रयोगशाळेत दरवर्षी किती रुपयांचे साहित्य येते? बी.एड.च्या विद्यार्थ्यांना सरावासाठी शाळेचे वर्ग खुले आहेत का? आणि विज्ञानशिक्षकाच्या जागेची जाहिरात पुढच्या वेळी निघेल, तेव्हा तीत 'वेतन संस्थेच्या नियमानुसार' असे न छापता वेतनाचा आकडा आणि जागा कायम आहे की तात्पुरती, एवढे दोन तपशील स्पष्ट छापावेत.