इस्पितळाचे देयक आणि आपला हक्क



भारतातून भेटीस आलेल्या आईवडिलांचा विमा नसला की इस्पितळाचे देयक पाहून आपली कुटुंबे हबकतात. आम्हां डॉक्टरांना ठाऊक आहे, तो आकडा दरपत्रकातला. विमा कंपन्या सहसा तेवढा देतच नाहीत. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याने ना-नफा इस्पितळांवर आर्थिक साहाय्याच्या लेखी धोरणाचे बंधन घातले. पात्र रुग्णाकडून तातडीच्या उपचारांसाठी विमाधारकांच्या सर्वसाधारण दरापेक्षा अधिक घेता येत नाही. पहिल्या देयकापासून २४० दिवस अर्ज करता येतो. पाहुणा पात्र ठरतो की नाही, हे त्या-त्या धोरणावर अवलंबून. ते आधी वाचावे. पण अर्ज म्हणजे हात पसरणे, असे आपल्याच माणसांना वाटावे? बाबासाहेबांच्या लेकरांना? तपशीलवार देयक आल्यावाचून धनादेश लिहू नये. कागद असतील तर भोजनोत्तर आमच्याकडे आणावेत. आम्ही येथेच आहोत.