सभापतीची थैली आणि श्रीमंताचे फाटक

(अभ्यासवर्गातील भाषण)



कॅलिफोर्नियाच्या जेसी अन्‌रू यांचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. १९७० साली गव्हर्नरपदासाठी रोनाल्ड रेगन यांच्याविरुद्ध उभा राहून हरलेला डेमोक्रॅटिक उमेदवार, एवढीच त्यांची नोंद सामान्यतः आढळते. परंतु विधिमंडळाला बळ कोठून येते आणि त्याचे मोल कोण चुकते करतो, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत जितका उघडा पडतो तितका आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी पडला नाही.

१९२२ साली कॅन्ससमध्ये जन्म, बटाईने शेती करणाऱ्या कुटुंबातले टेक्ससमधील बालपण, महायुद्धात नौदल, नंतर पदवी आणि १९५४ साली विधानसभा. १९५९ मध्ये त्यांच्या नावाचे दोन कायदे झाले. एकाने दुकाने व इतर व्यवसायांतील वंश, वर्ण, धर्म यांवर आधारलेला भेदभाव निषिद्ध ठरविला. दुसऱ्याने हप्त्यांच्या विक्रीतील आकारणीला लगाम घातला. या दुसऱ्या कायद्याची चर्चा कमी होते. वास्तविक गरीब माणूस दुकानाच्या दारात अडविला जातो तसाच तो आत हप्त्यांच्या वहीतही नाडला जातो, हे ज्याने कर्जाचा व्याजदर कधी मांडून पाहिला आहे त्याला सांगावयास नको.

१९६१ ते १९६९ ते सभापती होते. तेथील सभापती आपल्याकडच्यासारखा पक्षातीत मानला जात नाही; तो बहुमतवाल्यांचा पुढारीच असतो. अन्‌रूंनी पाहिले की तुटपुंज्या वेतनाचा, तज्ज्ञ सहायक नसलेला आमदार माहितीसाठीही धंदेवाल्यांच्या हस्तकांवर विसंबतो. १९६६ च्या सार्वमताने वार्षिक वेतन ६,००० डॉलरांवरून १६,००० वर गेले, सभागृह पूर्णवेळ झाले. मात्र त्याच हस्तकांकडून निधी गोळा करून तो स्वतःच्या हाताने उमेदवारांना वाटणारेही अन्‌रूच! पैसा हे राजकारणाचे आईचे दूध आहे, हे त्यांचे वचन प्रसिद्ध आहे. सत्तेचा मदही होता. शाळांच्या अनुदानाचा तपशील पाहिल्याविना मत देण्यास नकार देणाऱ्या रिपब्लिकन सदस्यांना १९६३ साली त्यांनी सभागृहात रात्रभर कोंडले.

१९७० च्या प्रचाराचा आरंभ त्यांनी रेगन यांचे धनाढ्य पाठीराखे हेन्री साल्वातोरी यांच्या घरासमोर केला. रेगन यांच्या करयोजनेचा लाभ कोणाला, हे त्यांना दाखवावयाचे होते. आरोप सार्थ होता. पण खुद्द घरमालक बाहेर येऊन वाद घालू लागले आणि साऱ्याचा तमाशा झाला. सभापतिपद गेलेले, प्रचाराला पैसा नाही. ज्याने इतरांच्या निवडणुका लढविल्या त्याला स्वतःसाठी थैली मिळेना. तरीही १९६६ मध्ये सुमारे दहा लाखांनी जिंकलेल्या रेगन यांचे मताधिक्य या वेळी पाच लाखांवर आले, हे त्यांचे टीकाकार क्वचितच सांगतात.

१९७५ पासून १९८७ मधील मृत्यूपर्यंत ते राज्याचे कोषाध्यक्ष होते. १९८५ साली निवृत्तिवेतन निधींना एकत्र आणून त्यांनी कंपन्यांच्या संचालकांना जाब विचारणारी संघटना उभारली. कामगारांच्या बचतीला भागधारकाचा आवाज असावा, ही कल्पना आजही जिवंत आहे. आणि याच पदावर असताना सरकारी रोखे विकणाऱ्या पेढ्यांकडून निवडणूक निधी घेणेही त्यांनी चालूच ठेवले.