आसरांची होडी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



हप्ते, व्याज, थकबाकी यावर आपण दर महिन्याला बोलतो. आज मला झाडांविषयी आणि आपल्या पोरांविषयी बोलायचंय. तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या लेकीच्या वयाची आहे मी, तेव्हा चुकलं तर हक्काने सांगा.

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक देवराईच्या कडेला भरली. बैठक लांबली, पोरं कंटाळली. म्हणून वही सचिव ताईंकडे दिली आणि पोरांना घेऊन झाडीत गेले. तिथे गारंबीचा जुना वेल आहे. गारंबीची शेंग तुम्ही पाहिली असेल, चांगली दोन हात लांब. तिसरीतली एक मुलगी त्या शेंगेपाशी थांबली. वर्गात ही तोंडच उघडत नाही, असं तिची आई नेहमी सांगते. ती म्हणाली, "ही आसरांची होडी आहे. रात्री सातजणी यात बसून ओढ्यातून जातात." सगळी पोरं गप्प. मग एकाने विचारलं, "मग वल्हं कुठंय?" पुढचा अर्धा तास सगळे वल्हं शोधत होते.

परत आल्यावर तिने आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "खोटं बोलू नये. आणि आसरांचं नाव घेऊ नये, धरतात." पोरगी पुन्हा मुकी झाली. त्या ताईंना मी दोष देत नाही. मलाही लहानपणी पिंपळावरच्या मुंजाची भीती घालूनच घरात बसवायचे.

पण ताईंनो, खोटं बोलणारा समोरच्याला फसवतो. या पोरीने कुणाला फसवलं? तिने शेंग नीट पाहिली, ओढा आठवला आणि दोन्ही जोडून गोष्ट केली.

परी म्हटलं की पोरांना मोबाईलमधली पंखवाली परी आठवते. आपल्या घरच्या पऱ्या म्हणजे साती आसरा. आसरा हा शब्द अप्सरेवरूनच आलाय. विहिरीच्या, ओढ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, तिथे आपण हिरव्या बांगड्या आणि नैवेद्य ठेवतो. त्यांच्या नावांत मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी अशी नावं आहेत. म्हणजे मासोळी, कासवी, खेकडी आणि बेडकी! ही नावं पोरांना सांगा आणि यातलं कोण कोण आपल्या ओढ्यात अजून राहतं, ते शोधू द्या.

उंबराचंच बघा. बऱ्याच दिवसांनी कुणी भेटलं की आपण म्हणतो, "उंबराचं फूल झालीस गं!" हे फूल मध्यरात्री उमलतं आणि दिसेल त्याचं नशीब फळफळतं, असं जुनी माणसं सांगतात. आता एक कोवळं उंबर मधोमध कापून पोरांना दाखवा. आत बारीक बारीक फुलं दाटीने बसलेली असतात. चिलटाएवढे कीटक बारक्या भोकातून आत शिरतात, तेव्हा बी धरतं. फूल दिसत नाही हे खरंच, आणि का दिसत नाही ते पोराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

देवराईतली काडीही मोडायची नाही, हा नियम आपल्या आज्या-पणज्यांनी पाळला. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया फिरून पाहिल्या. आजूबाजूचं रान तुटलं तरी जुनी झाडं, वेली तिथे टिकून होत्या. देवाच्या नावाने, गोष्टींच्या जोरावर टिकल्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. गोष्ट ती गोष्ट आणि आजार तो आजार. लेकराला ताप आला, फिट आली तर "आसरांनी धरलं" म्हणत अंगारा लावत बसू नका, आधी आरोग्य केंद्र गाठा. साप, विंचू, कुत्रं चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आता या रविवारी एवढं करा. पोरांना घेऊन जवळच्या झाडीत जा. सोबत मोठं माणूस हवंच. पायात चप्पल-बूट असू द्या, मोहोळ आणि बिळं आधी बघून घ्या. काही तोडायचं नाही. खाली पडलेली पानं, बिया, शेंगा गोळा करा. एखाद्या ढोलीपाशी बसा आणि विचारा, "इथं कोण राहत असेल गं?" मग आपण गप्प बसायचं. पोर काहीही सांगो, हसू नका, खोडू नका. "मग पुढं काय झालं?" एवढंच विचारा. आणि तुमच्या आजीने सांगितलेली एखादी गोष्ट आठवली तर तीही सांगा.

मागच्या आठवड्यात त्याच ताई मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "मॅडम, वल्हं सापडलं. शिरीषाची वाळकी शेंग. आता सातजणींना सात पाहिजेत म्हणून रोज मला हिंडवते."

पुढच्या सभेला बचतीच्या वहीबरोबर आपल्या पोराची एक गोष्ट घेऊन या. आधी गोष्टी ऐकू, मग हिशेब.