फाशीचा कैदी, त्याचे कुटुंब आणि हिंडलग्याची कोठडी

(बंगळुरूजवळील येलहंका येथे मराठी भाषिक कामगारांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



फाशीची शिक्षा कायद्यात असावी की नसावी, हा आजच्या विवेचनाचा मुख्य विषय नाही. त्यावर डाव्या चळवळीने आपले मत वेळोवेळी मांडले आहे. त्रिपुरात डाव्या आघाडीचे सरकार असताना तेथील विधानसभेने २०१५ च्या ऑगस्टमध्ये ही शिक्षा रद्द करण्याची मागणी करणारा ठराव केला आणि त्याच महिन्यात विधी आयोगानेही आपल्या २६२ व्या अहवालात, दहशतवादी गुन्ह्यांचा अपवाद करून, तशीच शिफारस केली. आजचा प्रश्न त्याहून मर्यादित, पण अधिक निकडीचा आहे. ज्याला फाशी सुनावली गेली आहे परंतु प्रत्यक्षात दिली गेलेली नाही, असा माणूस वर्षानुवर्षे कोणत्या अवस्थेत ठेवला जातो? त्याच्या आईला, बायकोला, मुलांना त्याच्यापर्यंत पोहोचता येते काय? २०२४ च्या अखेरीस आपल्या देशात अशी ५६४ माणसे होती. एवढीच कुटुंबेही त्यांच्यामागे टांगलेली होती.

हा प्रश्न येलहंक्यात मांडण्यास कारण आहे. पीण्याची औद्योगिक वसाहत येथून फार दूर नाही. १९९८ च्या फेब्रुवारीत त्या भागात एका स्त्रीवर तिच्याच घरात अत्याचार झाला आणि तिचा खून करण्यात आला. तिचा लहान मुलगा त्या वेळी घराबाहेर खेळत होता. आरोपी बी. ए. उमेश हा केंद्रीय राखीव पोलीस दलातला माजी शिपाई. बंगळुरूच्या न्यायालयाने २००६ साली त्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही केली. गुन्हा किती अमानुष होता याविषयी कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही, आणि त्या मुलाच्या दुःखाला उणे लेखून कोणत्याही कैद्याच्या हक्काची भाषा करता येणार नाही.

पण पुढे काय झाले ते पाहावे. शिक्षा सुनावल्यानंतर उमेशला बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात ठेवण्यात आले. फाशीचा खांब तेथे आहे, म्हणून कर्नाटकातल्या फाशीच्या कैद्यांची रवानगी हिंडलग्याला होत आली. सीमाभागातून आलेल्या मराठी माणसाला हिंडलगा हे नाव नवे नाही. १९८६ च्या जूनमधील सीमालढ्याच्या हुतात्म्यांचे स्मारक त्याच गावात आहे. त्या तुरुंगात उमेश २००६ ते २०१६ अशी दहा वर्षे एकट्याच्या कोठडीत राहिला. राष्ट्रपतींनी त्याचा दयेचा अर्ज २०१३ साली फेटाळला. म्हणजे या दहांपैकी सुमारे सात वर्षे अपील आणि दयेचा अर्ज यांचा निकालच लागलेला नव्हता.

ही एकांतकोठडी कोणत्या कायद्याने दिली? न्यायालयाने तर दिली नव्हती. न्यायालयाला एकांतवासाची शिक्षा देता येते, पण भारतीय दंड संहितेच्या ७३ आणि ७४ या कलमांनी तिला मर्यादा घातली होती: एकूण तीन महिन्यांहून अधिक नाही आणि एका वेळी चौदा दिवसांहून अधिक नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच मर्यादा कायम आहे. इंग्रजांनी केलेला कायदासुद्धा न्यायाधीशाला तीन महिन्यांपलीकडे जाऊ देत नव्हता. तुरुंगाच्या प्रशासनाने मात्र आपल्या अधिकारात, कोणत्याही सुनावणीवाचून, त्याच्या चाळीसपट एकांतवास दिला.

तुरुंग खात्याचा आधार नेहमी एकच असतो: १८९४ च्या तुरुंग कायद्याचे ३० वे कलम. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत ठेवावे आणि त्याच्यावर रात्रंदिवस पहारा असावा, असे ते कलम सांगते. दिल्लीच्या तिहार तुरुंगातील सुनील बात्रा या फाशीच्या कैद्याने या कलमाच्या अर्थालाच आव्हान दिले आणि ३० ऑगस्ट १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पीठावर होते. मुख्य निकालपत्र न्या. देसाई यांचे, आणि त्यासोबत न्या. कृष्ण अय्यर यांचे स्वतंत्र निकालपत्र.

कृष्ण अय्यर यांच्याविषयी थोडे विषयांतर करणे योग्य होईल. हे गृहस्थ १९५७ च्या केरळमधील पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते. गृह आणि कायदा यांबरोबर तुरुंग खातेही त्यांच्याकडे होते. त्याआधी, १९४८ साली, कम्युनिस्टांना कायदेशीर साहाय्य केल्याबद्दल त्यांनी स्वतः तुरुंगाची हवा खाल्ली होती. कोठडीची आतली आणि बाहेरची अशा दोन्ही बाजू पाहिलेला न्यायाधीश आपल्या देशाला क्वचितच लाभतो.

बात्रा निकालाने दोन गोष्टी ठरविल्या. पहिली अशी की अपील, राज्यपाल आणि राष्ट्रपती हे सर्व मार्ग संपून शिक्षा अखेरची आणि अटळ होत नाही, तोवर कैदी त्या कलमाच्या अर्थाने ‘फाशीची शिक्षा झालेला’ ठरतच नाही. दुसरी अशी की शिक्षा अटळ झाल्यावरही त्या कलमातील वेगळी कोठडी म्हणजे एकांतवास नव्हे. इतर कैदी त्याच्या दृष्टीस पडले पाहिजेत, त्यांच्याशी त्याला बोलता आले पाहिजे. पुढे १९८१ साली फ्रान्सिस कोरॅली म्युलिन यांच्या प्रकरणात न्या. भगवती यांनी आणखी एक पाऊल टाकले. ते प्रकरण स्थानबद्धतेचे होते, फाशीचे नव्हते. पण कुटुंबियांची आणि वकिलाची भेट हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात स्पष्टपणे सांगितले गेले.

बात्रा निकाल १९७८ चा आणि हिंडलग्याची कोठडी २००६ ची. मध्ये २८ वर्षे गेली. देशातले सर्वोच्च न्यायालय बोलले आणि दूरवरच्या तुरुंगात त्याचा आवाज पोहोचला नाही. अखेर ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा एकांतवास बेकायदेशीर ठरविला, कैद्याच्या मनःस्थितीवर त्याचे दुष्परिणाम झाल्याची नोंद केली आणि फाशी रद्द करून जन्मठेप दिली. पहिली तीस वर्षे सुटकेचा विचारही होणार नाही, ही अट त्या निकालात आहे. त्याला मोकळे सोडले, असा ओरडा करणाऱ्यांनी निकाल वाचलेला नसतो.

‘सुरक्षिततेसाठी वेगळे ठेवले होते’ असे उत्तर अशा प्रत्येक प्रकरणात मिळते. त्यात अजिबात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. रात्री कोठडी वेगळी असणे आणि पहारा असणे हे न्यायालयानेही अमान्य केलेले नाही. परंतु दिवसचे दिवस माणसाचा शब्द कानी पडू न देणे हा पहाऱ्याचा प्रकार नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांनुसार, दिवसाचे २२ तास किंवा त्याहून अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्कावाचून ठेवणे म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांपलीकडील एकांतवास निषिद्ध. ज्यांच्या नावाने हे नियम ओळखले जातात त्या नेल्सन मंडेलांनी २७ वर्षे तुरुंगात काढली होती.

त्याच नियमांत आणखी एक साधी गोष्ट आहे: कैद्याला शक्य तोवर त्याच्या घराजवळच्या तुरुंगात ठेवावे. येथे आपण कुटुंबाच्या प्रश्नाशी येतो, आणि कामगारांना हा भाग कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून पोटासाठी बंगळुरूला आलेल्या माणसाला हा रस्ता पाठ आहे. सणासुदीला गावी जायचे तर रात्रभराचा प्रवास, दोन दिवसांची रजा आणि भाड्याचा हिशेब. हाच रस्ता उलट दिशेने, बंगळुरूहून हिंडलग्याला, फाशीच्या कैद्याच्या आईला करावा लागतो. तिला पगारी रजा नसते. प्रवासात दोन रात्री जातात, दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि एवढे करून जाळीआडून होणारी मुलाखत काही मिनिटांत संपते. कोणी पहारेकरी तिला फाटकातून परत पाठवीत नाही. तशी गरजच उरत नाही, कारण अंतर हेच तेथे पहारेकऱ्याचे काम करते. पालार स्फोटाच्या खटल्यातील चार कैदी मलै महादेश्वर डोंगराच्या बाजूचे, म्हणजे राज्याच्या पार दक्षिण टोकाचे. त्यांनाही राज्याच्या उत्तर सीमेवरच्या हिंडलग्यातच ठेवले होते.

फाशीच्या कोठडीत कोण असते, याचे उत्तर दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सापडते. त्यांनी देशभरातील ३७३ फाशीच्या कैद्यांशी संपर्क साधला. त्यांच्यापैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते आणि सुमारे ७६ टक्के मागासवर्गीय व धार्मिक अल्पसंख्य समाजांतील होते. खुनासारखे गुन्हे सर्व वर्गांत घडतात, पण फाशीची कोठडी सर्व वर्गांनी भरत नाही. ज्याला चांगला वकील परवडतो तो वाटेतच कोठेतरी बाजूला होतो. ज्याला परवडत नाही, त्याच्या खटल्याची कागदपत्रे घेऊन त्याची बहीण तालुक्याच्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहते. कुटुंबाशी संपर्क तुटला की कैद्याचा बचावही तुटतो, तो येथे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७२ व्या कलमाने दयेच्या अर्जासाठी ३० दिवसांची मुदत घातली आहे. कैद्याच्या वारसाला किंवा नातलगालाही हा अर्ज करता येतो. पण ज्या नातलगाला निकालाची बातमीच उशिरा कळते, त्याला ३० दिवस कसे पुरणार?

बातमी कळण्याचा प्रश्न काल्पनिक नाही. ९ फेब्रुवारी २०१३ रोजी अफझल गुरूला तिहारमध्ये फाशी देण्यात आली. काश्मीरमधील त्याच्या कुटुंबाला पाठविलेले स्पीड पोस्टचे पत्र ११ तारखेला पोहोचले. बायकोला आणि लहान मुलाला अखेरची भेट नाही, मृतदेहही नाही. त्याच्या गुन्ह्याविषयी कोणाचे मत काहीही असो, पोस्टाच्या पाकिटातून वैधव्य धाडणारे राज्य आपले सामर्थ्य सिद्ध करीत नाही. ही रीत नवी नव्हती. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांना ठरल्या वेळेआधी, संध्याकाळी, लाहोरच्या तुरुंगात फासावर दिले गेले आणि त्यांचे मृतदेह कुटुंबियांना न देता सतलजच्या काठी गुपचूप जाळले गेले. परक्या सरकारला लोकांची भीती होती. स्वतंत्र प्रजासत्ताकाला एका बाईची भीती का वाटावी?

अफझल गुरूच्या फाशीनंतर वर्षभरातच, २१ जानेवारी २०१४ रोजी, शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पंधरा कैद्यांची फाशी रद्द केली. हिंडलग्यातले ते चौघेही त्यांत होते. त्या निकालाने दयेचा अर्ज फेटाळल्याची लेखी माहिती कैद्याला आणि कुटुंबाला देणे बंधनकारक केले. ती माहिती आणि फाशी यांमध्ये किमान १४ दिवसांचे अंतर हवे, कुटुंबाची अखेरची भेट घडवून आणलीच पाहिजे, कायदेशीर मदत शेवटपर्यंत मिळाली पाहिजे आणि कैद्याच्या मानसिक प्रकृतीची नियमित तपासणी झाली पाहिजे, असेही ठरले. ३० जुलै २०१५ रोजी नागपूरला याकूब मेमनला फाशी दिल्यावर त्याचा मृतदेह भावांच्या स्वाधीन करण्यात आला. हा फरक कोणा अधिकाऱ्याच्या कनवाळूपणाने पडला असे समजू नये.

विलंबाची बाजू महाराष्ट्राला अधिक परिचयाची आहे. येरवड्यातील दोन कैद्यांची फाशी दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली रद्द केली. सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळले आणि दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याच्या गृहखात्यात स्वतंत्र कक्ष असावा असा आदेश दिला. फायली टेबलांवर पडून राहतात, तेवढी वर्षे आतला माणूस रोज सकाळी कुलूप वाजले की कान टवकारतो.

आपल्यातले काही साथी विचारतील की अशा गुन्हेगारांची बाजू घेणे हे कामगारांच्या पक्षाचे काम आहे काय. प्रश्न प्रामाणिक आहे. समाजवादी देशांतही ही शिक्षा होती हे लपविण्याचे कारण नाही. सोव्हिएत संघाने ती १९४७ साली रद्द करून १९५० मध्ये काही गुन्ह्यांसाठी पुन्हा आणली होती. पण आपल्या चळवळीची स्वतःची आठवणही आहे. कय्यूरच्या चार शेतकरी कार्यकर्त्यांना २९ मार्च १९४३ रोजी कण्णूरच्या तुरुंगात फाशी झाली. त्यापूर्वी पक्षाचे सरचिटणीस कॉम्रेड पी. सी. जोशी त्यांना कोठडीत जाऊन भेटले होते. कन्नड वाचणाऱ्या साथींना निरंजन यांची ‘चिरस्मरणे’ ही कादंबरी ठाऊक असेल. ती याच लढ्यावर आहे. तेलंगणातील बारा शेतकऱ्यांना फाशी सुनावली गेली तेव्हा त्यांच्यासाठी इंग्लंडहून डी. एन. प्रिट वकिली करण्यास आले, जगभरातून निषेध झाला आणि ते बाराही जण फासावरून परत आले. बाहेरच्यांशी त्यांचा संपर्क तुटला असता तर हे घडते ना. त्या वेळी सरकारच्या लेखी तेही खुनीच होते.

कामाचे स्वरूप साधे आहे. कामगार संघटनांच्या वकिलांनी आपापल्या जिल्ह्यातील तुरुंगात फाशीचे कैदी किती, ते कोणत्या कोठडीत आणि त्यांना शेवटची मुलाखत केव्हा मिळाली, याची माहिती माहिती अधिकाराखाली मागवावी. खटला उच्च न्यायालयात असेतोवर कैद्याला घराजवळच्या तुरुंगात ठेवावे, लांबच्या नातलगांना दूरध्वनीवर बोलू द्यावे आणि गरीब कुटुंबांना वर्षातून काही वेळा रेल्वेचे भाडे सरकारने द्यावे, या मागण्या राज्य सरकारकडे संघटनांच्या शिक्क्यानिशी जाव्यात. बेळगावच्या साथींवर याहून एक अधिक काम पडते. दूरवरून मुलाखतीला येणाऱ्या बायकांना रात्र काढायला बसस्थानकाच्या बाकाखेरीज जागा नसते. युनियनच्या कार्यालयात एक खोली, एक घागर पाणी आणि मुलाखतीचा अर्ज लिहून देणारा एक कन्नड जाणणारा साथी, एवढी सोय या हिवाळ्यापूर्वी होऊ शकते.