जिथे सारे गाव हातांनी बोलत असे



माझ्या आजोळी शेजारच्या घरात एक बाई राहत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हते. सारा गाव त्यांना 'मुकी' म्हणे, नाव कोणी घेत नसे. त्यांच्या खुणा फक्त त्यांच्या आईला कळत. म्हातारी वारली आणि त्या बाई भरल्या गल्लीत एकट्या पडल्या. त्या खुणा शिकाव्यात असे आम्हां शेजाऱ्यांपैकी कोणालाच वाटले नाही. मलाही नाही.

याच्या अगदी उलट घडलेली एक हकिकत आज आपल्यापुढे ठेवतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड हे बेट आहे. जोनाथन लॅम्बर्ट नावाचा बहिरा गृहस्थ १६९४ साली तेथे राहावयास आला. वस्ती लहान, सोयरिकी आपसांत. त्यामुळे बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेले. एकोणिसाव्या शतकात साऱ्या अमेरिकेत सुमारे ५,७०० माणसांत एक जन्मतः बहिरा असे. बेटावरच्या चिलमार्क गावात पंचविसांत एक होता!

मग गावाने काय केले? गाव खुणांची भाषा शिकले. शिकवणी कोणी लावली नाही. मुले ती घरी-दारी बोलीसारखीच उचलत. कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीत हातांनी बोलत. गावच्या सभेत एखादा बाजूला उभा राहून भाषणाच्या खुणा करी. ऐकणारी माणसेही आपसांत ही भाषा वापरत. शाळकरी पोरे तर मास्तरांच्या पाठीमागे! बहिऱ्यांची लग्ने होत, ते मत देत, जमीनजुमला राखत. १८१७ साली हार्टफर्डला बहिऱ्यांची शाळा निघाली. तेथे सरकारी खर्चाने शिकून आलेल्या बहिऱ्यांकडे अडाणी शेजारी कागद वाचून घ्यायला जात.

नोरा एलन ग्रोस या विदुषीने तेथील वृद्धांच्या आठवणी गोळा करून १९८५ साली पुस्तक लिहिले. जुन्या माणसांबद्दल विचारले, की म्हाताऱ्यांना अमका चांगला कोळी होता हे आधी आठवे; तो बहिरा होता हे मागाहून.

पण हार्टफर्डला गेलेल्या मुलांची लग्ने बेटाबाहेर जुळू लागली, बाहेरची माणसे बेटावर आली, आणि बहिरी मुले जन्मणे थांबले. त्या परंपरेतील शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ साली वारली.

इंडोनेशियातील बाली बेटावर बेंगकाला गावात अशी भाषा अजून जिवंत आहे. तिला 'काता कोलोक' म्हणतात, म्हणजे बहिऱ्यांची बोली. बहिरे चाळीसएक, पण ती जाणणारी ऐकती माणसे शेकडो. २००७ पासून गावच्या प्राथमिक शाळेत बहिरी मुले इतरांच्या बरोबरीने, याच भाषेतून शिकू लागली. पुढे मात्र काही मुले बहिऱ्यांच्या दूरच्या शाळेत जातात, शहरातल्या खुणा घेऊन येतात, बाहेरचे जोडीदार शोधतात. चिलमार्कची सुरुवात अशीच झाली होती.