कॉम्प्युटरसाठी छोटं कॉलेज घ्यावं का?



उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा. बारावीचा निकाल लागला की सुरतच्या या भागांतल्या मराठी घरांत एकच विषय असतो : मुलाला कॉम्प्युटरला कुठे घालायचं? आपल्यातले कितीतरी जण जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीकाठच्या रेल्वेनं इथे आले, लूमवर आणि डाईंगच्या मिलमध्ये राबले. इंजिनिअर होणारं हे घरातलं पहिलंच मूल असतं. विचारायचं तर कोणाला? मग सोसायटीतला कोणीतरी सांगतो, 'अमक्या कॉलेजचं नाव मोठं आहे', आणि तेवढ्यावर चार वर्षांचा निर्णय होतो.

माझं मत आधीच सांगतो. एसव्हीएनआयटीत, म्हणजे सुरतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (एनआयटी), कॉम्प्युटरला नंबर लागला, तर दुसरा विचार करू नका. १९६१पासून चालत आलेली संस्था आपल्याच शहरात आहे. एनआयटीमधल्या निम्म्या जागा त्या-त्या राज्यासाठी असतात आणि राज्य ठरतं ते बारावी कुठून झाली त्यावरून. अकरावी-बारावीला मुलाला मामाकडे जळगावला ठेवणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. पण एसव्हीएनआयटीत भलतीच ब्रँच मिळत असेल आणि मुलाचं मन कॉम्प्युटरमध्येच असेल, तर मी सुरतमधल्या छोट्या खासगी कॉलेजच्या बाजूनं उभा राहीन. त्यात कमीपणा काहीच नाही.

मात्र पदवी कोण देणार, हे पहिल्यांदा विचारा. गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीशी (जीटीयू) संलग्न कॉलेज कितीही लहान असो, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची आणि पदवीही त्याचीच. खासगी विद्यापीठ मात्र पेपर स्वतः काढतं आणि पदवी स्वतःच्या नावानं देतं. ते वाईटच असतं असं नाही. पण तिथे शिकवणाऱ्यांचा कस हाच सगळा आधार असतो. सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीचं इंजिनिअरिंग कॉलेज पाहा. १९९५मध्ये सुरू झालं तेव्हा ते दक्षिण गुजरात विद्यापीठाशी जोडलेलं होतं, पुढे जीटीयूकडे गेलं, आणि २०२१मध्ये सार्वजनिक युनिव्हर्सिटी स्थापन झाल्यावर तिच्यात आलं. इमारत तीच, पण पदवीवरचं नाव बदलत गेलं. शेजारच्या दादानं दहा वर्षांपूर्वी सांगितलेली माहिती आज तशीच्या तशी लागू पडेलच असं नाही.

आता छोटेपणाबद्दल. कॉम्प्युटरच्या शिक्षणात मुलानं लिहिलेला प्रोग्रॅम कोणीतरी ओळ न् ओळ वाचावा लागतो. चूक कुठे झाली, एवढं कळून भागत नाही. असा विचार का केला, हे विचारणारं माणूस समोर लागतं. साठ मुलांच्या वर्गात ते जमू शकतं. पण २०२४मध्ये एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेनं, चांगल्या चालणाऱ्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. जिथे कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या, तिथे शिक्षकही त्या प्रमाणात वाढले का? वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा दंडक आहे. कागदावर तो सगळीकडेच पाळलेला दिसेल. म्हणून कॉलेज चालू असताना जा, कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांजवळ बसा आणि विचारा : गेल्या वर्षी शिकवणारे सर-मॅडम यंदा आहेत का? लॅबमधली जर्नल एकमेकांची पाहून उतरवता, की प्रोग्रॅम खरंच चालवून दाखवावा लागतो? हे ऐकल्याशिवाय प्लेसमेंटचे फलक पाहून फी भरू नका.

फीचा प्रश्न खरा आहे, तो मी झटकणार नाही. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर शिकवणी शुल्क माफ असलेल्या काही जादा जागा असतात. त्या मेरिटनंच भरतात, त्यामुळे प्रवेशाच्या अर्जात पर्याय भरताना त्या विसरू नका. गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन या शिष्यवृत्ती योजनेचे निकषही त्याच वेळी वाचा.

आणि मुलींच्या बाबतीत एक विनंती. 'लांब नको' म्हणून जवळचं कॉलेज घेता ना? मग जाण्या-येण्याचे वाचलेले दोन तास तिला कॉम्प्युटरसमोर बसायला द्या. त्या वेळात घरातली कामं तिच्यावर टाकू नका. घरात एक लॅपटॉप असेल आणि भाऊही शिकत असेल, तर वेळ दोघांत सारखा वाटून द्या.